नवतप्यातलं चॉकलेट पुडिंग: उकळी येऊ दे, मग हात लावू नकोस

प्रश्न: काकू, 27 मेला आमच्या लेकीचा सातवा वाढदिवस आहे. तिला केक नको, 'वाटीतलं चॉकलेट पुडिंग' पाहिजे. घरचीच पंचवीस माणसं आहेत. सासूबाई अंडं खात नाहीत, जिलेटिनही चालणार नाही. दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा रात्री एकदम छान झालं होतं. चव बघत बघत साखर घातली, दाट होताच गॅस बंद केला, वाट्या भरल्यावरही एकदोनदा चाखलं आणि लवकर आळावं म्हणून फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी काढून बाहेर ठेवलं तर वर पाणी आणि खाली रवाळ गोळा. काय चुकलं? आणि नागपूरच्या मे महिन्यात हे जमण्यासारखं आहे का?

काकू म्हणालीस म्हणून 'तू'च म्हणते. जमतं, नक्की जमतं. धरमपेठेतल्या घरी गेली बावीस वर्षं मी गोडाचे वर्ग घेते आणि वाढदिवसाच्या ऑर्डरी करते. त्यातल्या बऱ्याचशा उन्हाळ्यातच येतात, कारण सुट्टीत माहेरवाशिणी लेकराबाळांसकट आलेल्या असतात. तू कोणत्या कृतीने केलंस ते लिहिलं नाहीस, पण त्याने फार फरक पडत नाही. पुडिंग कृतीपायी क्वचितच फसतं. करणारी घाबरते, म्हणून फसतं. खाली लागेल या भीतीने ती उकळी येऊ देत नाही, आणि मग आळलं की नाही म्हणून दर दहा मिनिटांनी चमचा घालून बघते. करायचं असतं याच्या नेमकं उलट.

तुझ्या प्रश्नातच तीन चुका लिहिलेल्या आहेत. दाट होताच गॅस बंद केलास, वाट्या भरल्यावर चाखलंस, आणि फ्रीजर.

पहिली सगळ्यात मोठी. कॉर्नफ्लोअरचे कण दुधात साधारण 65 अंश सेल्सिअसला फुगायला लागतात. त्यामुळे उकळी यायच्या बऱ्याच आधी पातेल्यातलं मिश्रण एकदम जड होतं, चमच्याला धरतं, आणि आपल्याला वाटतं झालं. झालेलं नसतं. ते कण पुरते फुगून शिजायला 95 अंशांपर्यंत जावं लागतं, म्हणजे व्यवस्थित उकळी. मधेच उतरवलंस तर दोन गोष्टी होतात. जिभेला पिठूळ कच्ची चव लागते, आणि रात्री घट्ट दिसणारं सकाळी पाणी सोडतं. पिठलं आठव. बेसन पाण्यात पडल्यावर ते लगेच आळतं, पण म्हणून आपण ते उतरवतो का? रटरटू देतो, फटफट उडायला लागलं की आच बारीक करतो आणि वर झाकण. पुडिंगलाही तेच फटफटणं हवं. मोठा जाड बुडबुडा येतो, फुटतो, त्या जागी क्षणभर खड्डा राहतो. तो दिसला की घड्याळ बघायचं आणि बारीक आचेवर, ढवळत, बरोबर दोन मिनिटं. दहा मिनिटं नाही हं. फार वेळ उकळून, वर जोरजोरात घोटलं तर फुगलेले कण फुटतात आणि पुन्हा पातळ होतं.

दुसरी चूक मला स्वतःला फार आवडते, कारण त्यात आपल्या आज्या बरोबर निघतात. आपल्या लाळेत पिष्ट, म्हणजे कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च, पचवणारं विकर (एन्झाइम) असतं. चाखलेला चमचा पुन्हा पुडिंगमध्ये गेला की ते विकर तिथेही कामाला लागतं आणि आळलेलं पुडिंग सुटतं. गॅसवर असताना उष्टा चमचा गेला तर उकळीत ते विकर मरतं, पण वाटीत, कोमट असताना गेला तर मरत नाही. खोटं वाटत असेल तर दोन वाट्या घे, एकीत साधा चमचा फिरव, दुसरीत चाटलेला, आणि स्वयंपाकघर आवरून ये. तोवर दुसरी वाटी पळीवाढी झालेली असेल. वर्गात मी हा प्रयोग दरवेळी करून दाखवते, मुली हसतात. माझी आजी देवाच्या खिरीत चमचा घातला तर हातावर फटका मारायची. तिला विकर माहीत नव्हतं, उष्टं माहीत होतं. चव बघायची तर डावाने थोडं बशीत काढायचं आणि बशीतलं चाखायचं.

तिसरी, फ्रीजर. कॉर्नफ्लोअरने आळलेली वस्तू गोठली की आतलं पाणी बर्फ होऊन वेगळं पडतं. परत वितळली की ते पाणी जागेवर जात नाही. तुझा रवाळ गोळा तो हाच. खालचा फ्रीज, चार तास किंवा रातभर. घाई असली तरी फ्रीजर नाही.

गुठळ्यांचं सोपं आहे, आधी गार दुधात कालवायचं. पण इथे एक विचारून घेते: तू कॉर्नफ्लोअरच वापरलंस ना? किराणा दुकानात 'मक्याचं पीठ द्या' म्हटलं तर कधीकधी भाकरीचं पिवळसर पीठ हातात येतं. त्याचं पुडिंग होत नाही, घाटा होतो. कॉर्नफ्लोअर पांढरंशुभ्र असतं आणि चिमटीत दाबलं की करकरतं.

आता प्रमाण. एक लिटर फुल क्रीम दुधाला 45 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, 40 ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, 110 ग्रॅम साखर, 150 ग्रॅम डार्क चॉकलेट, 20 ग्रॅम लोणी, दोन चिमटी मीठ, एक चहाचा चमचा व्हॅनिला आणि अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी. कॉफीची चव लागत नाही, चॉकलेट गडद लागतं. मुलं ओळखणार नाहीत. एवढ्यात 100 ग्रॅमच्या तेरा वाट्या होतात. पंचवीस माणसांना दोन लिटर, पण एका वेळी दोन लिटर करू नकोस. एक-एक लिटरचे दोन घाणे काढ. मोठ्या पातेल्यात मधलं उकळायच्या आत कडेचं लागतं, आणि लागलेल्या चॉकलेटचा वास कशानेच जात नाही. काट्यावर मोजलेलं बरं. ग्रॅमचा काटा नसेल तर शेजारणीकडून आण, चमच्याच्या मापात कोको कधी दाबून बसतो कधी फुगून, आणि कोकोतही पिष्ट असतंच, तोही आळवतो.

दूध फुल क्रीमच घे. पिशवीवर बघ, फुल क्रीममध्ये 6 टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये 3. टोन्डचंही आळतं, पण चमचा तोंडात घेतल्यावर जो मऊपणा पाहिजे तो येत नाही.

पातेलं जाड बुडाचं. नसेल तर पाच लिटरचा कुकर घे, झाकणाशिवाय. त्याच्याइतकं जाड बूड घरातल्या कुठल्याच गंजाला नसतं. आधी साखर, कोको, मीठ, कॉफी कोरडंच एकत्र कर. कोको पावडरीत स्निग्धांश असतो, त्यामुळे ती एकटी दुधावर तरंगत राहते, भिजत नाही. साखरेचे कण मधे आले की सुटी होते. यात वाटीभर गरम दूध घालून चटणीसारखी गुळगुळीत पेस्ट कर, मग उरलेलं दूध. कॉर्नफ्लोअर मात्र वेगळं ठेव. ते दुसऱ्या वाटीत, अर्धी वाटी फ्रीजमधल्या दुधात कालवून. पातेल्यातलं दूध कडेने बुडबुडायला लागलं की कॉर्नफ्लोअर पुन्हा एकदा तळापासून ढवळायचं (दोन मिनिटांत ते खाली बसून दगड होतं) आणि एका हाताने बारीक धार, दुसऱ्या हाताने व्हिस्क. दाट व्हायला लागलं की व्हिस्क ठेवून दे आणि चपटा लाकडी उलथना घे. बुडाचा कोपरा खरवडत राहायचं, लागतं ते तिथूनच. मग वर सांगितलेली उकळी आणि दोन मिनिटं.

गॅस बंद. मिनिटभर थांब. मग चिरलेलं चॉकलेट आणि लोणी घाल, ते आतल्या आचेवर विरघळेल. चॉकलेट उकळत्यात घालायचं नाही, ते फाटून तूप सुटल्यासारखं दिसतं. शेवटी व्हॅनिला. गाठीची शंका असेल तर याच वेळी पुरणाच्या नाही, चहाच्या बारीक गाळणीतून गाळ. गरम आहे तोवरच, पाच मिनिटांत वाट्या भरून मोकळी हो. एकदा वाटीत गेलं की ढवळायचं नाही, हलवायचं नाही, 'जरा सारखं करते' म्हणून चमचा फिरवायचा नाही. आळत असताना जे जाळं धरतं ते मोडलं की परत तसं धरत नाही.

वर साय आवडत नसेल तर गरम असतानाच बटर पेपरचा गोल तुकडा पुडिंगला चिकटवून ठेव. आमच्याकडे नवऱ्याला ती सायच पाहिजे असते, त्याची वाटी मी उघडी ठेवते.

चॉकलेटचं. बर्डीत किंवा इतवारीत बेकरीच्या सामानाच्या दुकानात दोन प्रकारच्या विटा मिळतात, दिसायला सारख्या, भावात दुपटीपेक्षा जास्त फरक. स्वस्त ती कंपाऊंड. पाकिटाच्या मागे वाच: हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलं असेल तर कंपाऊंड, कोको बटर लिहिलं असेल तर खरं चॉकलेट. केकवर फुलं-पानं करायला कंपाऊंड सोयीचं आहे, मी स्वतः वापरते. पुडिंगमध्ये मात्र ते टाळूला मेणासारखं चिकटतं, कारण फ्रीजमधून काढलेलं ते तेल तोंडात नीट विरघळत नाही. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडात ठेवताच. तरी कंपाऊंडच आणलंस तर साखर 80 ग्रॅम कर, ते आधीच गोड असतं. आणि ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको पावडर नव्हे, त्यात मुख्य साखरच असते.

मे महिन्यात बर्डीहून दुपारी चॉकलेट आणायला जाशील तर घरी पोचेपर्यंत स्कूटरच्या डिकीत त्याचा हलवा झालेला असेल. पुडिंगला काही बिघडत नाही, तसंही विरघळवायचंच आहे. पुन्हा घट्ट झाल्यावर त्यावर पांढुरके डाग येतात, ती बुरशी नाही, कोको बटर वर आलेलं असतं. टाकू नकोस.

आता नागपूरचा खरा त्रास. परक्या गावाच्या कृतींत लिहिलेलं असतं, 'सामान्य तापमानाला गार होऊ द्या'. 27 मे म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बाहेर 45, आणि कूलर लावूनही स्वयंपाकघर पस्तीसच्या खाली येत नाही. तिथे पुडिंग गार होत नाही, कोमटच राहतं, आणि कोमट दूध नासायला वेळ लागत नाही. नळाखाली धरशील तर टाकीचं पाणी संध्याकाळीसुद्धा हात भाजेल असं. त्यामुळे मोठी परात घे, त्यात माठाचं पाणी आणि दोन ट्रे बर्फ, आणि भरलेल्या वाट्या निम्म्या बुडतील अशा ठेव. वीसेक मिनिटांत वाटी हाताला गार लागते. मग झाकून फ्रीजमध्ये. वाफाळत्या पंचवीस वाट्या एकदम फ्रीजमध्ये कोंबल्या तर आतलं बाकीचं सामानही गरम होतं.

'झाकून' हा शब्द नीट वाच. माझी पहिली मोठी ऑर्डर, चाळीस वाट्या, एका साठीच्या कार्यक्रमासाठी. आदल्या दिवशी दिरांनी हौसेने सावजी रस्सा आणून खालच्या कप्प्यात ठेवलेला. वाट्या मी उघड्याच ठेवल्या होत्या. दूध, लोणी, चॉकलेट, तिन्ही वास ओढून घेणारी. सकाळी पहिला चमचा तोंडात घेतला आणि मागून खडा मसाला आला. चाळीसच्या चाळीस वाट्या पुन्हा केल्या, पहाटे चारला उठून. पुडिंग आहे तोवर माझ्या फ्रीजमध्ये आता लोणचंसुद्धा राहत नाही.

करायची वेळ म्हणजे आदल्या रात्री नऊनंतर किंवा त्या दिवशी पहाटे. लाईन गेली तर फ्रीजचं दार उघडून बघत बसू नकोस, बंद फ्रीज चारेक तास गारवा धरतो. आणि वाट्या बाहेर काढायच्या त्या औक्षण, फोटो, आजोबांचा आशीर्वाद सगळं आटोपल्यावर. 32 अंशांच्या वर उष्मा असला की दुधाचा पदार्थ तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि वाढदिवसाला 'पाच मिनिटांत सुरू करू' म्हणजे किती ते तुला माहीत आहे.

सासूबाईंना सांग, बिनअंड्याचं म्हणून यात काही उणं नाही. 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने कस्टर्ड पावडर काढली ती बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून, आणि त्या डब्यातही मुख्य कॉर्नफ्लोअरच. उलट अंड्याच्या बलकातही पिष्ट तोडणारं विकर असतं, त्यामुळे अंडंवाल्यांना उकळी चुकवली तर दुप्पट फटका बसतो.

मधोमध एखादं साच्यातून पाडलेलं, थरथरतं पुडिंग हवं असेल तर चायना ग्रास वापर. ते समुद्री शेवाळापासून होतं, शाकाहारी आहे, पाकिटावर हिरवा ठिपका बघून घे. नुसती शाकाहाराची गोष्ट नाही. जिलेटिन 35 अंशांच्या आतच वितळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात टेबलावर पाच मिनिटांत बसकण मारेल. चायना ग्रास एकदा धरलं की 85 अंशांपर्यंत वितळत नाही. लिटरभर दुधाला 5 ग्रॅम पावडर, आणि कॉर्नफ्लोअर निम्मं. पावडर वाटीभर पाण्यात भिजवून वेगळी उकळायची, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत, आणि उकळत्या पुडिंगमध्येच ओतायची. दूध कोमट असेल तर जिथे पडेल तिथे तिचे दोरे होतात. पण खरं सांगू का, सात वर्षांच्या मुलीने 'वाटीतलं' मागितलंय. पाडायच्या भानगडीत पडू नकोस.

संत्र्याचं विचारलं नाहीस, पण नागपूरकरणीला ते सुचणारच. मृग बहाराची संत्री एप्रिलपर्यंत संपतात, मे महिन्यात मिळतात ती सुकलेली. तशीही रसाची धार दुधात घातली की आंबटाने दूध फाटायची भीती. हिवाळ्यात करशील तेव्हा फक्त पिवळी साल किसून दुधात घाल, पांढरा भाग न येऊ देता, आणि कॉर्नफ्लोअर घालण्याआधी गाळून टाक. आत्ता त्याऐवजी संत्रा बर्फीचे चण्याएवढे तुकडे कर आणि वाढताना वर टाक. गडद कडसर चॉकलेटवर ती आंबटगोड बर्फी फार छान लागते. आधी टाकून ठेवू नकोस, ओल धरून ती लिबलिबीत होते.

राहिली मेणबत्ती. पुडिंगमध्ये ती उभी राहत नाही, कलंडते आणि मेण सांडतं. लेकीच्या वाटीत मधोमध एक घट्ट पेढा ठेव आणि मेणबत्ती पेढ्यात खोच. सात मेणबत्त्या पाहिजेतच असा हट्ट असेल तर सात भावंडांच्या सात वाट्या, प्रत्येकीत एक, आणि फुंकर तिची एकटीची. उष्टा चमचा जसा नको तशी फुंकरही पंचवीस वाट्यांवर नको.

उरलं तर दोन दिवसांत संपव. तिसऱ्या दिवसापर्यंत ओढायचं असेल तर आता फ्रीजर चालेल: कुल्फीच्या साच्यात भर, काडी लाव आणि गोठलेलंच खायला दे. पाणी सुटतं ते परत वितळल्यावर, आणि मुलं तोवर ठेवत नाहीत. साचे कमी पडले तर स्टीलचे लहान पेले घे, काढताना बाहेरून माठाचं पाणी लाव. टाकीचं नको, सगळं पेल्यातच वितळेल.